समोरच्या खिडकीतली पेंढी

पुलो कुणाला काही विचारत नसे, हे बानाचं थोरल्या मुलाबद्दलचं पहिलं गाऱ्हाणं, आणि बाकीची सगळी गाऱ्हाणी त्याच एकाच्या पोटातून निघालेली. सातव्या वर्षी त्यानं न विचारता खुडूक कोंबडीखालची अंडी उचलून शाळेतल्या बाईंना भेट दिली. एकोणिसाव्या वर्षी न विचारता मनिलाची बस धरली. आणि आता, बावीस वर्षं मनिलाच्या हॉटेलांत लोकांच्या लग्नांचे मांडव सजवून परत आल्यावर, ऐन शेतकऱ्यांच्या संताच्या, सान इसिद्रोच्या सणाच्या सकाळी, आई चर्चमध्ये गुडघे टेकून बसलेली असताना, त्यानं न विचारता घराचं तोंडच बदलून टाकलं होतं.

बाना गल्लीत छत्री मिटून उभी राहिली आणि वर बघत राहिली.

कोबी. छपराच्या पन्हळीपासून दाराच्या चौकटीपर्यंत कोबीच कोबी. मध्ये गाजरांच्या कमानी, खाली स्ट्रॉबेरीच्या करंड्या, आणि सगळ्यावर लाल-पिवळ्या-जांभळ्या किपिंगची झुंबरं. ती किपिंग तेवढी घरची होती. झाडाची पानं तांदळाच्या पिठात बुडवून, वाफवून, वरचा थर सोलून, दगडाखाली दाबून अकरा आठवडे खपून केलेली, पापडासारखी पातळ. बाकी एक देठसुद्धा बानाच्या ओळखीचा नव्हता.

"हे कुणाचं शेत?" तिनं विचारलं.

पुलो शिडीवर होता. तोंडात तार, कमरेला कात्री. "इनाय, आत जा बघू, ऊन लागेल. सजावटीचे परीक्षक अडीचला येणार आहेत."

"मी आईला ऊन लागतं का ते नाही विचारलं. कुणाचं शेत?"

"बागियोहून मागवलंय. पहाटे ट्रक आला. बघ ना, काय टवटवीत आहे."

"बागियोच्या माणसाला तिकडे संत मिळत नाही का? त्यानं आपला कोबी माझ्या खिडकीत कशाला आशीर्वादाला पाठवावा?"

वरच्या सज्जात उभ्या असलेल्या पाहुण्यांपैकी दोघं-तिघं हसली. सणासाठी पुलोनं नऊ पाहुणे घरात घेतले होते, सात मनिलाचे आणि दोन लांबच्या देशातले, उन्हानं कोळंबीसारखे लाल झालेले. बानानं त्यांच्याकडे वळून गोड आवाजात विचारलं, "नाश्ता झाला ना नीट? चॉकलेट गरम होतं ना?" मग पुन्हा शिडीकडे वळून त्याच श्वासात म्हणाली, "उतर खाली, दगडा."

तिचं गोड बोलणं घरच्यांच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. पोरं लहान असताना आई एकदम गोड बोलायला लागली की ती रडायलाच लागत.

पुलो दोन पायऱ्या उतरला आणि थांबला. त्याच्या पाठीमागच्या मधल्या खिडकीत, जिथे पहाटे भाताची पेंढी होती, तिथे आता सगळ्यात मोठा कोबी बसला होता. पोट सुटलेल्या नगराध्यक्षासारखा.

"पेंढी कुठाय?" बाना म्हणाली.

मिरवणूक दर वर्षी वेगळ्या गल्लीनं जाई. या गल्लीची पाळी सहा वर्षांनी यायची. ज्याची पाळी त्यानं आपल्या हातचं दाराखिडक्यांना टांगायचं, शेतकऱ्यानं पीक, टोपी विणणारीनं टोप्या, खाटकानं डुकराचं मुंडकं. कोपऱ्यावरच्या शिंप्यानं तर यंदा विजारी टांगल्या होत्या, आणि त्याला कुणी हसत नव्हतं. संत पुढून जाताना जे खिडकीत असेल त्याच्यावर पाद्री पाणी शिंपडणार. त्या पेंढीचे दाणे मग जूनमध्ये बियाण्याच्या टोपलीत मिसळायचे. त्याशिवाय या घरात पेरणीला हात लागला नव्हता. मागच्या पाळीला तिचा नवरा अम्बो होता. त्यानं स्वतः पेंढी बांधली, काडाचा पीळ देऊन आपली ती दुहेरी गाठ मारली, आणि खिडकीत टांगून वर बानाशी भांडला की वाकडी दिसते म्हणून. अम्बोशिवायची ही पहिली पाळी. पुढच्या पाळीला बाना ऐंशीची होणार. तेव्हा ती खिडकीत असेल की भिंतीवरच्या फोटोत, याचा तिनं चर्चमध्येच हिशेब करून टाकला होता.

"उतरवली," पुलो म्हणाला. "मागे लाकडांपाशी ठेवलीय, जपून ठेवलीय. इनाय, खरं सांगू का, जुन्या खराट्यासारखी दिसत होती."

"खराट्यासारखी."

"बारीक झालीय गं. अर्धं शेत उंदरांनी खाल्लं म्हणून धाकटा तोरिंगच म्हणाला. लोकांनी काय बघायचं त्यात?"

"लोकांनी नाही बघायचं. संतानं बघायचं. आणि एकदा टांगलेलं संत जाईपर्यंत उतरवत नाहीत, हे तुला ठाऊक नाही?"

"कुठे लिहिलंय असं?"

"तुझ्या बापाच्या जिभेवर लिहिलं होतं. तू वाचायला इथं नव्हतास."

पुलोनं तोंडातली तार काढली. "नव्हतो. एकाही पाळीला नव्हतो. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरींच्या लग्नात फुलं टांगली मी. एकदा आपलं घर असं दिसावं की लोकांनी थांबून बघावं, एवढंच हवं होतं मला. आज पहिलं आलं, तर वर्षभर पाहुणे येतील इथे. छप्पर होईल नवं. तुला पिठात हात घालावा लागणार नाही."

हे तो खाली बघत बोलला, आणि बानाला क्षणभर अंडी हातात धरून उभा असलेला तो सात वर्षांचा पोरगा दिसला. तिला तो आवडायचा, हीच तर पंचाईत होती.

"पिठात हात घालायचा मला कंटाळा आलाय असं कुणी सांगितलं तुला?" ती म्हणाली.

लुमिंग, मधली मुलगी, दारातून बाहेर आली. हात लसणाचे, गळ्यात फडकं. तिचा बाजारात लोंगानिसाचा गाळा होता, आणि त्या लसणाच्या डुकरी सॉसेजच्या माळा पुलोनं बरोबर दारावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येतील अशा टांगल्या होत्या.

"इनाय, कुया पुलो म्हणतो त्यात चूक काय?" ती म्हणाली. थोरल्या भावाला ती कुयाच म्हणायची. "सकाळपासून तिघांनी विचारलं मला, गाळा कुठाय म्हणून. तोरिंगचा भात बघायला कोण येतं मनिलाहून?"

"तुझी माळ दारावर आली, आता तुला कोबीही गोड लागणार."

"लागू दे. पंधरा वर्षं तोरिंगचं शेत, तोरिंगचं शेत ऐकतेय. आम्ही काय भाड्यानं राहतो इथे?"

अशी ती दोघं एका बाजूला झाली, आणि बानाला कळलं की ती एकटी आहे. ती छत्रीवर दोन्ही हात ठेवून पुढचं वाक्य जुळवत असतानाच मनिलाचा एक जाडा पाहुणा, नवी टोपी डोळ्यांवर आलेला, खालच्या झुंबराजवळ गेला. त्याच्या हातातल्या पुस्तिकेत लिहिलं होतं की किपिंग खातात. त्यानं एक पिवळं पान मोडलं आणि तोंडात टाकलं.

त्याचा चेहरा हळूहळू बदलला. रुमालात थुंकून तो बानाला, आजीला म्हणावं तसं अदबीनं, म्हणाला, "लोला, याची चव जरा... सुताराच्या दुकानासारखी आहे का?"

"ते खायचं नाही सर," पुलो घाईनं शिडीवरून उतरला. "वॉर्निश मारलंय त्याला. चमक येते, आणि पाऊस आला तरी विरघळत नाही."

लुमिंगनं झुंबरातलं एक पान नाकाशी धरलं.

"कशाला मारलंय?" लुमिंगनं विचारलं.

"किपिंगला."

"किती?"

"सगळ्याच. पाचशे, सहाशे असतील."

लुमिंगनं गळ्यातलं फडकं काढलं, त्याची घडी घातली, पुन्हा उलगडलं. "संध्याकाळी मी तळायचं काय, कुया? तुझं डोकं? खालच्या गल्लीतल्या बावीस घरांना मी तळून पाठवते म्हटलंय. गेल्या वर्षी त्यांची पाळी होती तेव्हा त्यांनी आपल्याला पाठवलं नाही का? मी आणि बिनिंग, अकरा आठवडे. वाफेनं माझी बोटं बघ. सोललेल्या बटाट्यासारखी झालीत."

"हॉटेलात आम्ही सगळ्यालाच..."

"हॉटेलात तुम्ही खुर्च्या खाता का?" ती आईकडे वळली. "इनाय, मी आता तोरिंगच्या बाजूची. लिहून ठेव."

"लिहिता आलं असतं तर ठेवलं असतं. मागे जा आणि ती पेंढी घेऊन ये."

लुमिंग गेली आणि रिकाम्या हातानं आली. लाकडांपाशी चार काड्या पडल्या होत्या, पेंढी नव्हती. धाकटा तोरिंगही घरात नव्हता, त्याची बायको बिनिंगही नव्हती. बाना स्वतः मागे गेली. कोंबड्यांच्या खुराड्यात बघितलं, पाण्याच्या पिंपामागं बघितलं, खाटेखाली वाकून बघितलं आणि कंबर धरून उठली. तोवर दुपार झाली, परीक्षक आले, कोबीपुढे माना डोलावून गेले. पुलोनं त्यांना थंड लिंबूपाणी दिलं. चर्चच्या बाजूनं बँडचा ढोल ऐकू यायला लागला.

दम घ्यायला ती मधल्या खिडकीशी आली. त्या नगराध्यक्ष कोबीला कोपरानं बाजूला सारून तिनं बाहेर मान काढली, आणि समोर बघितलं.

समोर टोप्या विणणाऱ्या पोन्साचं घर. टोप्याच टोप्या, पांढऱ्या, पिवळट, उलट्या, सुलट्या. मधल्या खिडकीतल्या टोप्या मात्र दोन्ही बाजूंना सरकवलेल्या, आणि त्यांच्यामध्ये तांबड्या भाताची एक बारकी पेंढी. गल्लीच्या रुंदीवरूनही बानाला गाठ दिसली. अशी गाठ मारणारा एक मेला होता आणि दुसरा तिच्या पोटचा होता.

"मेल्यांनो," ती हळूच म्हणाली, आणि जिना उतरली.

पोन्साशी ती एकतीस वर्षं बोलली नव्हती. पोन्सानं एका सणाला चारचौघींत म्हटलं होतं की बानाची किपिंग चपलेच्या तळव्याइतकी जाड असते. तेव्हापासून निरोप पोरांमार्फत, आणि पोरं नसली तर कुत्र्याला उद्देशून. बाना गल्ली ओलांडायला लागली तसे पाहुणे बाजूला झाले, आणि त्यांच्यापैकी कुणीतरी फोटोही काढला. काय चाललंय ते त्यांना कुठे ठाऊक होतं. गल्लीतल्या बाकीच्यांना ठाऊक होतं, आणि ते खिडक्यांमधून वाकले होते.

पोन्सा दारात खुर्ची टाकून बसली होती. मांडीवर अर्धी विणलेली टोपी. डोळे वर न करता म्हणाली, "ये बाना. उंबऱ्याला जप. जाड आहे, तुझ्या किपिंगइतकाच."

"तुझा उंबरा बघायला नाही आले मी. माझा मुलगा इथं कुठं बांधून ठेवलायस?"

तोरिंग खिडकीखालीच होता, टोपी हातात, पाय सणाच्या दिवशीही चिखलाचे. बिनिंग त्याच्यामागे, पण लपलेली नाही.

"गाढवा," बाना म्हणाली. "तुझ्या बापाचं बियाणं लोकाच्या खिडकीत? लाज कुठे ठेवलीस, शेतात?"

"घरात जागा नव्हती, इनाय."

"घर कुणाचं आहे?"

"कोबीचं," बिनिंग म्हणाली.

बानाला हसू आलं, ते तिनं दातांखाली दाबलं. "तुला कुणी विचारलं गं? सासूच्या तोंडाला लागतेस, आणि तेही हिच्या दारात? मला सांगायचं नाही? माझ्या कानात बोळे होते?"

"तू चर्चमध्ये होतीस," तोरिंग म्हणाला. "कुया म्हणाला, काही कळत नाही तुला, मागे हो. मी मागे झालो. पण सहा वर्षांनी पुन्हा येईल पाळी. यंदाच उंदीर पडलेत, बी तेवढंच उरलंय. मी कुठे नेऊ? पलीकडच्या गल्लीतून संत जात नाही." त्यानं टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "लोला पोन्सानं विचारलं नाही काही. टोप्या सरकवल्या."

भांडण तोरिंगला कधी जमलंच नव्हतं. पीठ मळल्यासारखा तो सगळं आतल्या आत दाबत राहायचा, आणि एक दिवस उठून गल्ली ओलांडायचा.

"काढ ती," बाना म्हणाली. "मी नेऊन माझ्या हातानं टांगते. बघते कोण अडवतं."

तोरिंगनं हात वर केला.

"हात लावू नकोस," पोन्सा म्हणाली. आता तिनं मान वर केली. "टांगलेलं संत जाईपर्यंत उतरत नाही. तुझा अम्बोच सांगायचा ना, बाना? सगळ्या गल्लीला सांगत फिरायचा. माझ्या नवऱ्याला कान किटेपर्यंत सांगितलं होतं."

सकाळी शिडीखाली बानानं हेच शब्द पुलोला ऐकवले होते.

"परीक्षकांनी काय म्हटलं तुला?" तिनं विचारलं.

"म्हणाले, टोपीवालीच्या घरात भात कसा? गुण कापले." पोन्सानं खांदे उडवले. "कापू देत. माझ्या टोप्या काय पेरायच्या आहेत?"

यावर माणसानं काय बोलायचं असतं ते बानाला माहीत होतं, पण ते तिच्या जिभेवर येईना. तिनं खिडकीकडे बघितलं. "खिडकी बरी आहे," ती म्हणाली. "वरचं जाळं काढत जा तेवढं."

"काढीन. खुर्ची घे."

बँड कोपऱ्यावर आला. समोरून पुलो हाका मारत होता, "इनाय, ये ना, तुझी खुर्ची ठेवलीय खिडकीत." संत पुढून जाताना घरातली सगळ्यात मोठी बाई खिडकीत बसते. बानाच्या खिडकीत आज रिकामी खुर्ची होती, तिच्यावर उशी होती, उशीला पुलोनं फितीही लावल्या होत्या. तिनं हाक ऐकली. आणि पोन्साच्या शेजारची वेताची खुर्ची ओढून ती पेंढीखाली बसली.

संत आला. छोटासाच, रंग उडालेला, हातात पराणी, पायाशी लाकडी बैलजोडी. खांद्यावर घेणारे सगळे शेतकरीच होते. बानाच्या घरापुढे ते सवयीनं थांबले, वर बघितलं, भात शोधला. कोबीकडे बघून पुढच्या माणसानं मागच्याकडे बघितलं. मग मागच्याला समोरची गाठ दिसली. त्यांनी संताला खांद्यांवर हळूहळू वळवलं, जसा बांधाच्या टोकाशी नांगर वळवतात तसा, आणि टोप्यांच्या घराकडे तोंड करून उभे राहिले. पाद्र्यानं पाणी शिंपडलं. पेंढीवर पडलं, पोन्साच्या टोपीवर पडलं, बानाच्या कपाळावर पडलं. तिनं ते पुसलं नाही.

पुलो आपल्या दारात उभा होता. त्याच्याकडे संताची पाठ होती.

तासाभरानं निकाल आला. पुलोचं घर पहिलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, त्याच्या गळ्यात निळी फीत घातली, त्याच्यासोबत फोटो काढले. त्या लाल झालेल्या दोघांनी तर त्याला मिठी मारली. तो हसत होता, पण नजर सारखी आईकडे जात होती.

बाना कामाला लागली होती. तोरिंगनं पेंढी घरी आणली तेव्हा तिनं त्याला शब्दांनी झोडपलं, की ती अशी धरतात का, बाळ आहे का ते. बिनिंगला झोडपलं, की शेवयांत कोबी घालू नको, त्या कोबीचं तोंड नको मला, भोपळा घाल. लुमिंगला झोडपलं, की रडत बसू नको, पीठ भिजव, बावीस घरांना तांदळाचे घावन पाठव आणि निरोप दे की किपिंगची पुढच्या पाळीला दुप्पट भरपाई. पोन्साच्या घरी पहिली थाळी गेली. निरोप काही नव्हता, पण ती कुत्र्याच्या नव्हे तर पोन्साच्याच हातात द्यायची, असं तिनं बजावलं.

दिवेलागणीला अंगणात केळीची पानं मांडली. पाहुणे बसले. पान उचलून शेवया तशाच तोंडात कशा घ्यायच्या ते बाना त्यांना हसून शिकवत होती. कुणी काटा मागितला त्यालाही हसली. पुलो भिंतीशी उभा होता. सकाळपासून तो वाट बघत होता. दुपारीही बघितली, निकालानंतरही. शेवटी त्याला राहवेना.

"इनाय," तो म्हणाला. "बोल काहीतरी. सगळ्यांना बोललीस. मला शिव्या दे हवं तर."

बानानं हातातला व्हिनेगरचा शिसा खाली ठेवला. पाहुण्यांच्या ओळीत एक नवं पान मांडलं, पाणी शिंपडून पुसलं, आणि त्याच्यापुढे पाट सरकवला.

"शिव्या घरच्यांना देतात, पुलो," ती म्हणाली. "टांगलेली पेंढी उतरवायची, लोकाचं पीक माझ्या खिडकीत टांगायचं, खायचं अन्न रंगवून ठेवायचं, आणि त्यावर फीत घालून हसायचं. असं पाहुण्याकडून होतं. त्याला बिचाऱ्याला काय माहीत. तेव्हा आजपासून तू या घरचा पाहुणा. वर त्यांच्या रांगेत तुझी गादी घातलीय, उशी नवी आहे. पहिलं वाढप तुला होईल. कुणी तुला काम सांगणार नाही, मी आवाज चढवणार नाही. जूनमध्ये तोरिंगबरोबर चिखलात उतर, उंदरांच्या मागे रात्रंदिवस धाव, आणि बापाची गाठ मारून स्वतःच्या हातची पेंढी या दारात आण. त्या दिवशी तुला उंबऱ्यातच असा फैलावर घेईन की पोन्सालाही ऐकू जाईल. तोपर्यंत मी तुझ्याशी गोडच बोलणार. बसा ना, पुलो. दमला असाल. व्हिनेगर घालू थोडं?"